जुन्या सेल्फ-प्रोपेल्ड लॉन मोअरला ग्रीस: कुठे द्यावे, किती द्यावे आणि कुठे देऊ नये

विदर्भातील संत्र्याच्या बागांत, आश्रमशाळांच्या पटांगणांवर आणि मंगल कार्यालयांच्या हिरवळीवर चालणारी सेल्फ-प्रोपेल्ड लॉन मोअर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर स्वतः पुढे सरकणारी गवत कापायची यंत्रे, बहुधा जुनी विकत घेतलेली असतात. घेताना इंजिन चालू होते की नाही आणि पाते फिरते की नाही एवढेच पाहिले जाते. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारा भाग चाकांच्या टोप्यांआड आणि बेल्टच्या झाकणाखाली दडलेला असल्यामुळे त्याकडे लक्ष जाते ते यंत्र ढकलून ढकलून खांदे भरून आल्यावरच. मग कोणीतरी ग्रीस मारायला सांगतो, दुकानातून डबा येतो आणि जिथे बोट पोहोचेल तिथे ग्रीस थापले जाते. यंत्र दोन दिवस बरे चालते आणि पुढे पहिल्यापेक्षा जास्त अडते.

याचे कारण असे की या चाल-यंत्रणेत काही जागांना ग्रीस लागते, काहींना फक्त पातळ तेल लागते आणि काही जागा कोरड्याच ठेवाव्या लागतात. बंडीच्या आखाला ओंगण सढळ हाताने दिले तरी बिघडत नाही, कारण तिथे फक्त आख आणि त्यावर फिरणारे चाक असते. लॉन मोअरच्या चाकामागे मात्र दाते, खटका (चाकाला एकाच दिशेने धरणारा तुकडा), बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) आणि बेल्ट असे वेगवेगळ्या स्वभावाचे भाग एकमेकांना खेटून बसलेले असतात. आपल्याकडील काळ्या मातीमुळे ही गोष्ट आणखी महत्त्वाची ठरते. ही माती पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात तिचा पिठासारखा बारीक धुरळा होतो. उघड्यावरच्या ग्रीसमध्ये तो धुरळा मिसळला की त्याचे वंगण राहत नाही, दाते घासणारी लेई तयार होते. म्हणून कमी ग्रीस, पण स्वच्छ जागेवर आणि नेमक्या ठिकाणी, हे सूत्र ठेवून पुढील काम करावे.

आधी दोष कुठे आहे ते ओळखावे

ग्रीसने सगळेच दोष जात नाहीत. यंत्र सपाट जमिनीवर घेऊन, चाल देणारा दांडा दाबून, चाके कशी वागतात ते नीट पाहावे. दोन्ही चाके एकदम ढिली पडत असतील, किंवा चढावर थांबून सपाटीवर पुन्हा चालत असतील, तर दोष बहुधा घसरणाऱ्या बेल्टचा किंवा सैल पडलेल्या केबलचा असतो. तिथे ग्रीसचा काहीही उपयोग नाही. एकच चाक ओढत असेल आणि यंत्र एका बाजूला वळत असेल, तर न ओढणाऱ्या चाकामागचे पिनियन (चाक फिरवणारे लहान दातेरी चाक), त्यातील खटका किंवा चाकाच्या आतले दाते तपासावेत. यंत्र मागे ओढताना चाके जाम होत असतील, तर खटका घाणीने किंवा जुन्या घट्ट ग्रीसने अडकलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. मात्र बऱ्याच यंत्रांत चाल सोडल्यावर खटका लगेच सुटत नाही आणि यंत्र आधी वीतभर पुढे ढकलून मगच मागे घ्यावे लागते. तशा यंत्रात तो दोष नसून रचनाच तशी आहे. करकर असा खडबडीत आवाज येत असेल तर दाते झिजलेले असतात. झिजलेल्या दात्यांना ग्रीस दिल्याने आवाज थोडे दिवस दबतो, झीज थांबत नाही.

रचना थोडक्यात अशी असते. इंजिनाच्या उभ्या शाफ्टवर पात्याच्या वर एक पुली असते. तिच्यावरून निघालेला बेल्ट एका लहान गिअरबॉक्सकडे जातो. त्या पेटीत वर्म (मळसूत्रासारखा दांडा) आणि त्यात अडकणारे दातेरी चाक म्हणजे वर्म गिअर यांच्या साहाय्याने फिरण्याची दिशा बदलते व वेग कमी होतो. पेटीतून दोन्ही बाजूंना आडवा शाफ्ट निघतो, त्याच्या टोकांवर लहान पोलादी पिनियन बसलेली असतात आणि ती चाकाच्या आतल्या बाजूच्या, बहुधा प्लास्टिकच्या, दात्यांत अडकून चाक फिरवतात. ही यंत्रणा काही यंत्रांत पुढच्या चाकांना तर काहींत मागच्या चाकांना जोडलेली असते. ग्रीस देण्याच्या दृष्टीने दोन्हींत फार फरक पडत नाही.

साहित्य

ग्रीस लिथियमचे, दोन नंबरचे घ्यावे. हा नंबर एन.एल.जी.आय. या मापनपद्धतीतला असून तो ग्रीसचा घट्टपणा सांगतो. ०० आणि ० नंबरचे ग्रीस जवळजवळ वाहते असते, २ नंबरचे लोण्याइतके घट्ट असते. लिथियम ग्रीस साधारण १८० अंश सेल्सियसच्या पुढे वितळू लागते, त्यामुळे आपल्याकडील ४५ अंशांच्या उन्हातही ते चाकातून गळून जात नाही. साधे कॅल्शियमचे ग्रीस स्वस्त असते आणि पाण्याला चांगले टिकते, परंतु ते बरेच आधी, सुमारे १०० अंशांच्या आसपास, वितळते. चाकांपुरते तेही चालेल, पण इंजिनाजवळच्या भागांत ते वापरू नये. दुकानदार काळे मॉलिब्डेनमचे ग्रीस आग्रहाने देतो. पोलादावर पोलाद घासते तिथे ते उत्तम असले तरी या यंत्राला त्याची गरज नाही.

तालुक्याच्या ठिकाणी ऑटो स्पेअरच्या दुकानांत उघड्या बादलीतून सुटे ग्रीस मिळते. ते घेऊ नये. दिवसभर रस्त्याकडेला उघड्या राहणाऱ्या त्या बादलीत किती धुरळा मिसळलेला असतो ते पाहायचे असल्यास थोडेसे ग्रीस दोन बोटांत चोळावे. कचकच हाताला लागते. अर्ध्या किलोचा बंद डबा घ्यावा आणि काम संपले की त्याचे झाकण लगेच लावावे.

ग्रीसशिवाय थोडे पातळ तेल लागेल. शिवणयंत्राचे तेल या कामाला अगदी योग्य आहे. पूर्वी धुण्यासाठी मातीचे तेल वापरले जाई. आता ते सहज मिळत नाही, म्हणून वाटीभर डिझेल घ्यावे. जुना टूथब्रश, सुती धोतराच्या किंवा बनियनच्या चिंध्या, रिंग पाना किंवा सॉकेट पाना (चाकाचा नट बहुधा १३ मिलिमीटर किंवा अर्ध्या इंचाच्या पान्याने सुटतो), पेचकस, पक्कड, दोन लाकडी ठोकळे आणि सुटे भाग ठेवायला एक स्टीलची परात एवढे पुरेसे होते. नव्या गोणपाटाच्या चिंध्या मात्र वापरू नयेत, कारण त्यांचे धागे दात्यांत अडकून राहतात.

काम सुरू करण्यापूर्वी

यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे. त्यानंतर सर्वांत आधी स्पार्क प्लगची टोपी काढून ती वायरसह बाजूला अशी बांधावी की ती आपोआप प्लगला टेकणार नाही. ही पायरी कोणत्याही कारणाने वगळू नये. पाते हलवताना किंवा बेल्ट ओढताना इंजिनही फिरते, आणि जुने इंजिन गरम असताना एवढ्या फिरण्यानेही सुरू होऊ शकते. पात्याला हात लावण्याची वेळ येणार असेल तर जाड हातमोजे घालावेत.

पेट्रोलचा कॉक बंद करावा. टाकी भरलेली असल्यास पेट्रोल डब्यात काढून घ्यावे किंवा निदान झाकणाखाली पॉलिथिनचा तुकडा ठेवून झाकण घट्ट लावावे. यंत्र आडवे करावे लागले तर एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वरच्या बाजूला येतील असेच करावे. ती बाजू खाली गेली की इंजिन ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरते, फिल्टर भिजतो आणि पुढच्या वेळी सुरू करताना पांढऱ्या धुराचे लोट निघतात. चाकांच्या कामाला यंत्र आडवे करण्याची गरजच पडत नाही. ज्या बाजूचे काम आहे ती बाजू ठोकळ्यावर उचलून घेतली की भागते. काम सावलीत, पण मोकळ्या हवेत करावे. डिझेल-पेट्रोल जवळ असताना बिडी पेटवू नये हे वेगळे सांगायला नको, तरी चार माणसे जमली की कोणीतरी पेटवतोच, म्हणून आधीच सांगून ठेवावे.

या कामाला मे महिना सोयीचा. मृग बहार घेणाऱ्या बागांत तेव्हा पाणी तोडून झाडांना ताण दिलेला असतो, त्यामुळे ओळींमधले गवतही वाळलेले असते आणि यंत्र रिकामे उभे असते. पाऊस पडल्यावर हरळी आणि लव्हाळा एकदम वाढतात आणि मग यंत्र सोडवत नाही.

चाक काढणे आणि पिनियन पाहणे

चाकाची टोपी पेचकसाने हलकेच उचलून काढावी आणि मधला नट सोडवावा. चाक बाहेर ओढताना त्यामागचे वॉशर कोणत्या क्रमाने होते ते पाहून परातीत त्याच क्रमाने मांडावेत. मोबाईलवर फोटो काढून ठेवणे सर्वांत सोपे. एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे शंका आली तर दुसरी बाजू जुळणी दाखवायला शाबूत असते.

चाक निघाल्यावर जे दिसते ते नीट पाहण्यासारखे असते. धूळ अडवणाऱ्या प्लास्टिकच्या ताटलीच्या कडेला वाळलेल्या गवताचा आणि काळ्या ग्रीसचा कडक थर बसलेला असतो. तो नखाने निघत नाही, खपल्या होऊन तुटतो. पिनियनच्या दोन दात्यांच्या मधल्या खाचेत कुसळे अडकलेली असतात आणि शाफ्टभोवती हरळीचे धागे इतके घट्ट गुंडाळलेले असतात की ब्लेडने कापावे लागतात. दात्यांच्या वरच्या कडा चकचकीत आणि बुडाशी काळ्या दिसल्या तर झीज नेहमीची आहे. दात्याचे टोक टोकदार झालेले असेल, किंवा चाकातील दात्यांची एकच बाजू खाल्ली गेलेली असेल, तर मात्र तो भाग बदलण्याच्या यादीत टाकावा.

पिनियन शाफ्टवर एका लहानशा ई-क्लिपने (इंग्रजी E च्या आकाराच्या कडीने) अडकवलेले असते. ही क्लिप पेचकसाने काढताना टुणकन उडते आणि गवतात गेली की सापडत नाही, म्हणून तिच्यावर चिंधी धरून मगच ती ढकलावी. पिनियन बाहेर ओढण्यापूर्वी त्यावर डावे-उजवे अशी खूण करावी. खूण करण्याचे कारण पिनियनच्या आत आहे. आत सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसा कुत्रा, म्हणजे वर सांगितलेला खटका, असतो. काही यंत्रांत तो शाफ्टच्या खाचेत सरकणारी लहान पोलादी पट्टी असते. शाफ्ट पुढच्या दिशेने फिरला की तो पिनियनला धरतो, आणि चाक शाफ्टपेक्षा वेगाने पुढे गेले तर त्याला मोकळे सोडतो. वळण घेताना बाहेरचे चाक अधिक वेगाने जाऊ शकते ते याच मोकळेपणामुळे. डाव्या बाजूचे पिनियन उजवीकडे बसवले किंवा कुत्रा उलटा बसला, तर चाक पुढे ओढतच नाही. पिनियन काढताना हा कुत्रा शाफ्टमधून हातात पडतो, त्यामुळे तो कोणत्या तोंडाने बसला होता ते आधीच पाहून ठेवावे.

धुणे

ग्रीस देण्यापेक्षा धुण्याला जास्त वेळ द्यावा. पिनियन, कुत्रा, वॉशर आणि क्लिप वाटीतल्या डिझेलमध्ये भिजत ठेवून ब्रशने घासाव्यात, स्वच्छ चिंधीने पुसाव्यात आणि वाऱ्यावर वाळू द्याव्यात. शाफ्टचे टोक आणि त्यातील खाच यांत अडकलेली घाण सुईने किंवा तारेच्या टोकाने काढावी. चाकाच्या आतले प्लास्टिकचे दाते डिझेलने ओल्या केलेल्या चिंधीने पुसून नंतर साबणाच्या पाण्याने धुवावेत. प्लास्टिकला पेट्रोल किंवा थिनर लावू नये, काही प्रकारचे प्लास्टिक त्याने ठिसूळ होते. हवा भरण्याच्या दुकानातला कॉम्प्रेसर जवळ असेल तर शाफ्टच्या बुशवर सरळ हवा मारू नये. बाहेरचा धुरळा त्या जोराने आत जाऊन बसतो.

जुने ग्रीस कोणत्या प्रकारचे होते ते रंगावरून कळत नाही. सर्व प्रकारचे ग्रीस एकमेकांत मिसळत नाही. काही जोड्या एकत्र आल्या की पातळ होऊन वाहतात किंवा घट्ट होतात. म्हणून थोडे जुने राहू दिले तर चालेल असा विचार न करता सगळे पुसून काढावे आणि मगच नवे द्यावे. धुऊन उरलेले डिझेल झाडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

तेल, ग्रीस आणि कोरडी जागा

कुत्र्याला ग्रीस देऊ नये. या संपूर्ण कामातली सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे. घट्ट ग्रीसमध्ये कुत्रा हलत नाही. तो आत दबून राहिला तर चाक ओढत नाही आणि बाहेर अडकून राहिला तर यंत्र मागे येत नाही. त्याला आणि त्याच्या खाचेला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरेत. तेल दिल्यावर बोटाने पट्टी सरकवून पाहावी. ती स्वतःच्या वजनाने खाली घसरली पाहिजे.

शाफ्टच्या ज्या गुळगुळीत भागावर पिनियन फिरते तिथे ग्रीसचा अगदी पातळ थर बोटाने पसरावा, इतका पातळ की त्यातून लोखंड दिसले पाहिजे. पिनियन बसवून, वॉशर आणि क्लिप लावून, ते हाताने दोन्ही दिशांना फिरवून पाहावे. एका दिशेने ते टिकटिक करत मोकळे फिरले पाहिजे आणि दुसऱ्या दिशेने शाफ्टला धरून त्यालाही फिरवले पाहिजे. दोन्ही दिशांना मोकळे फिरत असेल किंवा दोन्ही दिशांना धरत असेल, तर कुत्रा अडकला आहे किंवा चुकीचा बसला आहे. तो पुन्हा काढून नीट बसवावा. ही चाचणी पास झाल्याशिवाय चाक चढवू नये, अन्यथा सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागते.

यानंतर दात्यांकडे यावे. पिनियनच्या दात्यांना हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढे ग्रीस ब्रशने लावावे आणि चाकाच्या आतल्या दात्यांवर तितकेच. दात्यांमधल्या खाचा ग्रीसने भरून टाकण्याची गरज नसते. चाक दोन-चार वेळा फिरले की जास्तीचे ग्रीस दात्यांतून बाहेर फेकले जाते आणि तेच बाहेर बसून माती धरते. धुरळा अडवणारी ताटली फुटलेली किंवा नसेल, तर दाते जवळजवळ कोरडेच ठेवणे अधिक चांगले, कारण उघड्या दात्यांवर ग्रीस म्हणजे मातीला आमंत्रण. तेव्हा नवी ताटली मिळेपर्यंत फक्त तेलाने ओली केलेली चिंधी दात्यांवरून फिरवावी.

चाकाच्या मध्यभागी बुश किंवा बेअरिंग असते. बुश असेल तर ते आतून पुसून ग्रीस लावावे; इथे थोडे जास्त झाले तरी हरकत नाही. काही जुन्या यंत्रांत चाकाच्या मध्यावर ग्रीसचे निपल (ग्रीस भरायचे लहान तोंड) असते, मात्र ते वर्षानुवर्षे मातीखाली दडलेले राहते. ते पुसून, ग्रीस गनने हळूहळू, बाजूने नवे ग्रीस दिसेपर्यंत भरावे आणि बाहेर आलेले जुने ग्रीस लगेच पुसावे. दोन्ही बाजूंना पत्र्याची किंवा रबराची झाकणे असलेले बंद बेअरिंग असेल तर त्याला काहीही देऊ नये. ते खडखडत असेल तर तेवढ्याच मापाचे नवे बसवावे. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन गेले की दुकानात बरोबर मिळते.

उंची कमी-जास्त करण्याच्या दांड्यांच्या सांध्यांना एकेक थेंब तेल द्यावे. तिथे ग्रीस नको, कारण ते सांधे पूर्ण उघड्यावर असतात.

गिअरबॉक्स

गिअरबॉक्स बहुधा कारखान्यातूनच ग्रीस भरून बंद केलेली असते. ती गळत नसेल आणि तिच्यातून आवाज येत नसेल तर ती खोलू नये. बाहेरून पुसून, शाफ्ट जिथे पेटीतून बाहेर पडतो तिथल्या सीलभोवतीचे गवत काढणे इतकेच काम तिथे करावे. सील तेलकट, ओलसर दिसत असेल किंवा पेटीतून घरघर येत असेल तरच पुढे जावे.

खोलण्याजोगी पेटी दोन अर्धांची असून स्क्रूंनी जोडलेली असते. दोन्ही अर्ध वेगळे करताना मधले वॉशर पडू देऊ नयेत. आतले जुने ग्रीस चिंधीने काढून त्यात धातूचे चमकदार कण आहेत का ते उन्हात पाहावे. पिवळसर कण म्हणजे पितळी वर्म गिअर झिजत आहे, आणि तो लवकरच बदलावा लागेल. नवे ग्रीस भरताना ० किंवा ०० नंबरचे अर्धप्रवाही ग्रीस मिळाले तर उत्तम, कारण वर्मने बाजूला सारलेले ग्रीस वाहून परत दात्यांकडे येणे आवश्यक असते. दोन नंबरचे ग्रीस वर्म एकदा बाजूला सारते आणि ते तिथेच भिंतीला चिकटून राहते, मधले दाते कोरडे पडतात. पेटीची मोकळी जागा निम्म्यापेक्षा जास्त भरू नये; पूर्ण भरल्यास ग्रीस तापून फुगते आणि सील ढकलून बाहेर येते.

अनेक ठिकाणी या पेटीत ट्रॅक्टरच्या गिअरचे ९० नंबरचे तेल ओतण्याचा सल्ला दिला जातो. तो मानू नये. पेटीचे सील ग्रीस धरण्यासाठी असते, तेल धरण्यासाठी नसते. ते तेल गळून बेल्टवर येते आणि पेटी पुन्हा रिकामी होते. शिवाय काही गिअर तेलांत असलेली गंधकयुक्त द्रव्ये गरम झाल्यावर पितळी गिअरला मानवत नाहीत.

बेल्ट आणि केबल

बेल्ट, पुली आणि बेल्ट ताणणारी चकती यांच्या घासणाऱ्या भागांना वंगणाचा थेंबही लागू नये. ताणणाऱ्या चकतीच्या हाताला खिळ्यावर फिरण्यासाठी एक थेंब तेल चालते, पण ते देताना बेल्टवर चिंधी टाकावी. बेल्टला ग्रीस लागलेच तर तो काढून भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा, पूर्ण वाळवावा आणि पुलीही तशाच पुसाव्यात. तेलाने मऊ होऊन फुगलेला, भेगा पडलेला किंवा कडा चकाकत असलेला बेल्ट धुण्यात वेळ घालवू नये, नवा बसवावा. घसरणाऱ्या बेल्टला राळ लावण्याची सवय काहींना असते. त्याने तो तात्पुरता पकडतो, पण पुलीवर राळेचे गोळे बसून बेल्ट लवकर फाटतो.

चाल देणारी केबल मोटरसायकलच्या क्लच केबलसारखीच असते आणि तिला तेलही तसेच द्यावे. केबलचे वरचे टोक दांड्यापासून सोडवून त्याभोवती पॉलिथिनचे लहान नरसाळे दोऱ्याने बांधावे, त्यात पातळ तेल ओतावे आणि यंत्र रात्रभर तसेच उभे ठेवावे. सकाळपर्यंत तेल खालच्या टोकाशी दिसते. आत प्लास्टिकचे अस्तर असलेल्या नव्या केबलला मात्र तेलाची गरज नसते. केबल जोडल्यावर तिचा ताण असा ठेवावा की दांडा सोडलेला असताना बेल्ट पूर्ण मोकळा राहील आणि दांडा दाबल्यावर बेल्ट लगेच पकडेल. ताण जास्त ठेवला तर दांडा सोडल्यावरही यंत्र थोडे थोडे पुढे सरकत राहते, आणि हे बांधावर किंवा ड्रिपच्या नळीजवळ काम करताना धोक्याचे आहे.

जुन्या मैदानांवर अजूनही दिसणाऱ्या, पुढे दंडगोल पाते आणि मागे रोलर असलेल्या यंत्रांत बेल्टऐवजी चेन असते. तिला ग्रीस थापू नये. चेनची झीज आतल्या पिनांवर होते आणि घट्ट ग्रीस तिथपर्यंत पोहोचत नाही. चेन डिझेलने धुऊन, वाळवून, प्रत्येक कडीवर इंजिन ऑइलचा एकेक थेंब द्यावा, चेन फिरवावी आणि बाहेरचे तेल पुसून टाकावे.

जोडणी आणि चाचणी

चाक परत बसवताना वॉशर काढताना होते त्याच क्रमाने घालावेत आणि नट घट्ट केल्यावर चाक हाताने फिरवून पाहावे. चाक अडखळत असेल तर वॉशर चुकला आहे. चाक डगडगत असेल तर बुश झिजले आहे. दोन्ही बाजूंचे काम झाल्यावर यंत्र, प्लगची टोपी न लावताच, हाताने पुढे-मागे ढकलून पाहावे. ते दोन्ही दिशांना सहज सरकले की टोपी लावावी आणि इंजिन सुरू करून, सपाट कोरड्या जागेवर, आधी पाते गवताला न लागेल इतक्या उंचीवर ठेवून चालवावे.

वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, हे काम पूर्ण करावे. पावसाळ्यात रोज वापर असेल तर पोळ्याच्या सुमारास फक्त चाके काढून गवत आणि जुने ग्रीस पुसून दात्यांना नवे ग्रीस द्यावे. गिअरबॉक्स आणि केबलला तेव्हा हात लावण्याची गरज नाही. ओल्या गवतात काम झाल्यावर यंत्रावर पाण्याचा जोरदार फवारा मारून ते धुण्याची पद्धत आहे. तसे करताना चाकांच्या मध्याकडे आणि गिअरबॉक्सच्या सीलकडे फवारा जाऊ देऊ नये, कारण त्या जोराने पाणी आत शिरते आणि ग्रीस बाहेर येते. तिथली ओली माती वाळण्याआधी काडीने काढून चिंधीने पुसावी.

पहिल्या अर्ध्या तासाच्या कामानंतर इंजिन बंद करून, प्लगची टोपी पुन्हा काढून, चाकांच्या आतल्या बाजूने फेकले गेलेले ग्रीस पुसून घ्यावे आणि चाकांचे नट पान्याने एकदा तपासावेत. बुश जागेवर बसल्यावर ते किंचित सैल झालेले आढळतात.